‘नंतर’ नावाच्या फोल्डरमधली सातवी

मी एक जुनी व्हिडिओ फाईल आहे आणि माझ्या आयुष्यातली पहिली दोन वर्षं मी न उघडता काढली आहेत.

मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जन्मापासून सुरुवात करावी, मधे कष्टाचे दिवस सांगावेत आणि शेवटी म्हातारपणाकडे यावं, अशी रीत आहे. ती मला नीट पाळता येईल असं वाटत नाही. माझ्या पोटात साडेअकरा मिनिटं आहेत, आणि त्यातलं कुठलं चित्र आधीचं नि कुठलं नंतरचं, हे दोन वर्षं मलाच ठाऊक नव्हतं. एखाद्या जाड पुस्तकाची शिवण उसवावी, पानांवर आकडे नसावेत आणि अनुक्रमणिकेचं पान छापायचंच राहून गेलेलं असावं, तशी माझी गत होती. पानं सगळी होती. एकही फाटलेलं नव्हतं. पण वाचायचं कुठून?

तेव्हा मी सांगेन तसं ऐका. मधेच थांबले तर रागावू नका.

*

क्लिप सहाबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही.

*

माझा जन्म धार लावायच्या दुकानात झाला. खोली लांबट, खिडकी एकच, तीही मागच्या भिंतीला. खिडकीखाली तीन गोल दगड, एक भरड, एक मधला, एक मऊ. पायाने फिरवायचे. दगडाखाली पाण्याची बादली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या, झाडं छाटायच्या कात्र्या, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली गिऱ्हाइकाची चिठ्ठी.

दुकान बाबांचं. सगळा रस्ता त्यांना धारवाले बाबा म्हणायचा, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्यांची मुलगी भिंगरी. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही म्हणून बाबांनी तिला हे नाव दिलं. आता ती दुकानाच्या वरच्या खोलीत दिवसभर एकाच खुर्चीत बसून लोकांचे व्हिडिओ जोडते, तरी नाव काही सुटलं नाही. आणि तिसरी बाबांची सून, म्हणजे भिंगरीची वहिनी. वहिनीचा नवरा मोठ्या बोटीवर कामाला, वर्षातले दोन महिने घरी. लग्न होऊन आल्यावर वेळ जावा म्हणून ती दुकानात येऊन बसायला लागली. आधी चिठ्ठ्या लिहायची, मग घरच्या सुऱ्या, मग शिंप्यांच्या कात्र्या. भिंगरी लहानपणी दोनदा दगडाशी बसली होती आणि दोन्ही वेळा बोट कापून घेऊन उठली होती.

वहिनीची एकच गोष्ट शिकायची राहिली होती. केस कापायची कात्री.

ती सगळ्यांत अवघड. तिच्या पात्याला आतून खोलगट बाक असतो. तिला मऊ दगडावर धरलं की दगड एका सुरात बोलतो, आणि धार बसली की तो सूर बदलतो. त्याच क्षणी कात्री उचलायची. आधी उचलली तर धार बसत नाही. उशीर झाला तर बसलेली जाते. बाबा हे काम डोळे मिटून करायचे. त्यांची सगळी विद्या कानात होती, आणि कान तर मंदावत चालले होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हे थांबणार नाही.

म्हणून भिंगरीने एका दुपारी कॅमेरा खाली आणला, तीन पायांवर उभा केला आणि बाबांची विद्या टिपायला घेतली. त्या दुपारी आम्ही सात जणी जन्मलो. मी सातवी. केस कापायच्या कात्रीची.

आता कॅमेऱ्याचं एक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमेरा चित्रं आणि आवाज जसे येतील तसे पोत्यात भरत जातो. कुठलं कुठे आहे याची यादी तो सगळ्यांत शेवटी लिहितो. तुम्ही ‘थांबवा’ हे बटण दाबता, लाल दिवा तीन-चार वेळा लुकलुकतो, त्या वेळात ती यादी लिहून होते आणि दिवा विझतो. यादी झाली की फाईल शहाणी झाली. जगातला कुठलाही संगणक तिला वाचू शकतो.

माझी यादी लिहायला कॅमेऱ्याने अजून घेतलीसुद्धा नव्हती. भिंगरीने बटण न दाबता बॅटरीच काढून घेतली.

का, ते मला तेव्हा कळलं नाही. माझ्या लेखी अंधार झाला, एवढंच.

*

फाईल उघडता येत नाही.

*

हे मी जगात ऐकलेलं पहिलं वाक्य. म्हणजे ऐकलं नाही, ते पडद्यावर आलं, एका करड्या चौकटीत, खाली ‘ठीक आहे’ असं बटण. काय ठीक आहे, ते मला आजवर उमगलेलं नाही.

भिंगरीने आम्हा साती जणींना कार्डावरून संगणकात घेतलं आणि जोडणीच्या प्रोग्रॅममध्ये ओढलं. सहा जणी टुणकन जाऊन बसल्या. प्रत्येकीचं छोटं चित्र उमटलं. माझ्या जागी काळा चौकोन आणि त्यात एक तिरपी रेघ.

तिने मला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिलं. तिथेही चौकट आली. माझ्या नावापुढची शेवटची तीन अक्षरं बदलून पाहिली. आता तुम्हीच सांगा, पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलतो का? मग तिने मला रूपांतर करणाऱ्या यंत्रात घातलं, तर त्याने अर्ध्या क्षणात मला बाहेर थुंकलं. तिने माझं वजन तपासलं. वजन भरपूर होतं. सगळ्या बहिणींत मीच जड. म्हणजे पोटात माल आहे हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

एवढं करून तिने ‘नंतर’ नावाचा एक फोल्डर केला, मला त्यात टाकलं आणि खाली हाक मारून सांगितलं की सातवी खराब झाली.

वहिनी जिन्यावरून म्हणाली, “मग परत काढू या की.”

परत काढू या, परत काढू या म्हणता म्हणता बाबांचे कान गेले.

*

बरं. बोलते सहाबद्दल. पोटात ठेवून पोटच दुखतं.

क्लिप सहा बेचाळीस सेकंदांची आहे. बेचाळीस. माझ्या एका कोपऱ्यात मावेल. तिच्यात घडतं काय? एक गिऱ्हाईक सुरी घेऊन येतं. बाबा पात्यावरून अंगठा फिरवतात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, “ही सुरी नव्हे हो, हा चमचा आहे. लोणी कापायला घ्याल तर लोणीच हसेल.” मग स्वतःच्याच विनोदावर इतके हसतात की त्यांचा चष्मा नाकावरून सुटून खालच्या बादलीत पडतो. ते तो काढतात आणि पाणी टपकत असलेला चष्मा तसाच डोळ्यांवर चढवतात. संपलं.

याला चाळीस हजार लोकांनी पाहिलं.

भिंगरीने तिचा उजेड सुधारला, रंग खुलवला, मागे मंद संगीत लावलं, तिला ‘लोणीच हसेल’ असं नाव दिलं. माझ्या नावात नुसते आकडे होते. ती मोबाईलमध्ये गेली, एका मोबाईलमधून दुसऱ्यात गेली, बोटीवर वहिनीच्या नवऱ्यापर्यंत पोचली. पाहुणे आले की भिंगरी म्हणायची, “थांबा, एक गंमत दाखवते.” मग खोलीभर हसू. मी त्याच संगणकात, तिच्यापासून दोन फोल्डर अलीकडे, अंधारात बसून ते हसू ऐकायची.

मित्रांनो, हेवा वाईट असतो असं तुम्हाला शिकवलं असेल. बरोबर आहे. पण तो कसा असतो ते सांगते. बहीण हसताना छान दिसते हे आपल्याला दिसत असतं, आणि त्याच वेळी मनात येतं की हिच्यावर एक ओरखडा पडावा. फार मोठा नको. एखादी हिरवी रेघ चेहऱ्याच्या मधोमध आली तरी चालेल. मी हे मागितलं आहे. मिळालं नाही.

*

(इथे आठ महिने काही घडलं नाही.)

*

घडलं नाही म्हणजे माझ्या बाबतीत. बाकीच्यांची भरभराट चालली होती.

भिंगरीची ख्याती झाली होती. कुणाचीही फाईल उघडेना की लोक तिच्याकडे यायचे. नाचाच्या क्लासचे मास्तर आले, त्यांच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत टाळी आधी दिसायची आणि आवाज मागून यायचा. तिने चित्रांचा वेग एकसारखा करून दिला. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचं भाषण त्यांच्या संगणकावर नुसतं ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही. तिने ते जुन्या संगणकाला समजेल अशा रूपात बदलून दिलं. एक गृहस्थ तर रडवेले होऊन आले की सगळं गेलं, सगळं लाल झालं. गेलं काही नव्हतं. त्यांनीच घर आवरल्यासारखे फोल्डर आवरले होते आणि फाईली दुसरीकडे नेऊन ठेवल्या होत्या. प्रोग्रॅम बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत होता. भिंगरीने नवा पत्ता दाखवला, दोन मिनिटांत काम झालं.

परक्यांच्या फाईली यायच्या, कण्हायच्या, बऱ्या होऊन जायच्या. घरचाच वैद्य आणि घरचीच रोगी खाटेवर. मी त्या प्रत्येकीवर जळले. टाळी मागे पडलेल्या त्या नाचऱ्या फाईलवरसुद्धा. निदान तिला टाळी तरी होती.

*

मग एका मंगळवारी वहिनी वर आली. हातात फडक्यात गुंडाळलेल्या तीन कात्र्या. तिने त्या भिंगरीच्या टेबलावर, कळफलकावरच ठेवल्या.

केस कापायला शिकवणारी एक शाळा होती. तिथल्या साठ-सत्तर कात्र्यांना दर महिन्याला धार लागायची, आणि बाबांच्या वेळेपासून ते काम या दुकानाकडे होतं. बाबांना ऐकू येईनासं झाल्यावर वहिनीने ते अंगावर घेतलं. दोन खेपा परत आल्या होत्या. केस कापले जात नाहीत, दुमडतात, असं मुली म्हणत होत्या. मालकीणबाई भल्या होत्या, त्यांनी शेवटची म्हणून तीन कात्र्या पाठवल्या होत्या, शनिवारपर्यंत. नाहीतर काम दुसरीकडे.

वहिनी सांगत होती की बाबांना दाखवलं, बाबा अंगठा फिरवून मान हलवतात. पण हल्ली बाबा सगळ्यालाच मान हलवतात. काल ती त्यांना म्हणाली, दुकान पेटलंय, तर त्यांनी मान हलवून चहा मागितला.

भिंगरी हसली. वहिनी हसली नाही.

“सातवी दे मला,” ती म्हणाली.

“ती खराब आहे गं. सांगितलंय ना तुला.”

“त्या नाचवाल्याची तू एका दुपारीत बरी केलीस. तो तुझा कोण लागतो?”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं, ते मला सांग. काही कळत नाही असं समज आणि सांग.”

मग भिंगरीने तिला सांगितलं, पोतं, यादी, लाल दिवा, सगळं. वहिनी नीट ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं की बॅटरी संपली होती का.

“नाही,” भिंगरी म्हणाली. “अर्धी होती.”

“मग कुणी काढली?”

भिंगरीने कात्र्यांचं फडकं उगाच घट्ट केलं. “मी.”

 स्टूल ओढून वहिनी शेजारी बसली आणि उठायचं नाव घेईना. बऱ्याच वेळाने भिंगरीने ‘नंतर’ उघडला.

मित्रांनो, दोन वर्षांनी कुणी दार उघडलं की उजेड सुखाचा वाटत नाही. मला वाटलं, आता आलात होय?

*

उपाय होता. मोडक्या फाईलला नवी यादी करून देणारा एक प्रोग्रॅम असतो. पण त्याला नमुना लागतो. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मापावर टिपलेली एक धडधाकट फाईल त्याच्यापुढे ठेवायची. तो तिचा सांगाडा वाचतो आणि तसाच सांगाडा रोग्याच्या पोटात उभा करतो.

भिंगरीने नमुना म्हणून तिसरीला घेतलं. सुऱ्यांची क्लिप, स्वभावाने बरी. दहा मिनिटांनी मी उघडले. उघडले म्हणजे काय, हिरव्या-जांभळ्या पट्ट्या, त्यांच्या मागे कुठेतरी बाबांचा अर्धा कान, आणि पोपटाची मान पिरगाळावी तसा आवाज. वहिनीने कानांवर हात ठेवले.

“तिसरी चालणार नाही,” भिंगरी स्वतःशी म्हणाली. पहिल्या पाच जणी तिने साध्या वेगाने टिपल्या होत्या. मग फिरत्या दगडावर चित्र थरथरतंय असं दिसलं, म्हणून तिने कॅमेऱ्याचा वेग दुप्पट केला होता. सहावीपासून. दुप्पट वेगाच्या दोघीच. सहा आणि मी. कॅमेरा तर पुढच्याच महिन्यात विकून टाकला होता, त्यामुळे नवा नमुना कुठून आणणार?

भिंगरीने सहावीला उचललं.

नको, मी म्हणाले. म्हणजे म्हणता येत असतं तर म्हणाले असते. चौथी घ्या, पाचवी घ्या, हव्या तर पुन्हा पट्ट्या येऊ देत, मी पट्ट्यांत सुखी आहे. त्या हसऱ्या, नटव्या, चाळीस हजारांच्या लाडकीच्या मापाने मला उभं करू नका. उद्या मी चालू लागले तर लोक म्हणतील, सहावीची चाल आहे.

कुणी ऐकलं नाही. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली.

तेव्हा काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिचा सांगाडा माझ्या शेजारी मांडला गेला. संगीत नाही, खुलवलेला रंग नाही, कारण भिंगरीने मूळची, कार्डावरची सहावी घेतली होती. तिच्यात तोच खिडकीचा उजेड होता जो माझ्यावर पडला होता. तीच बादली, तोच दगड. तिच्या हाडांची लांबी माझ्या हाडांना तंतोतंत लागत होती. मला ते मुळीच आवडलं नाही. आवडलं नाही तरी लागत होती.

पट्टी पूर्ण झाली.

*

पहिल्यांदा बाबांचे हात दिसले.

मी माझं पोट तेव्हाच पाहिलं, त्या दोघींबरोबर. बाबा मऊ दगडाशी बसलेले. शेजारी वहिनी, दोन वर्षांनी लहान. बाबा बोलत नव्हते. कात्री दगडावर, डोळे मिटलेले, पाय चालू. बराच वेळ तोच एक सूर. मग ते म्हणाले, “हं. आता,” आणि कात्री उचलली. ओला पातळ कागद घेतला, कात्रीने टोकापर्यंत कापला. कागद नुसता दोन झाला. पुन्हा दुसरं पातं. “हं. आता.”

वहिनीने ते तीनदा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं, कान पडद्याला लावून ऐकलं.

“मला फरकच कळत नाहीये,” ती शेवटी म्हणाली.  दोन वर्षं जिच्या आशेवर काढली ती क्लिप मिळाली, आणि हाती काही लागलं नाही. मलाही वाटलं, म्हणजे मी उघडूनही उपयोगाची नाहीच.

“असं कसं कळत नाही?” भिंगरी म्हणाली. “आधी त्या आवाजाच्या तळाशी वाळू आहे. बारीक. इथे बघ, इथे ती एकदम जाते. मग ते ‘हं’ म्हणतात.”

“कुठे वाळू?”

भिंगरीने पुन्हा लावलं आणि बाबांच्या आधी पाव सेकंद स्वतःच म्हणाली, “गेली.” दुसऱ्या पात्यालाही तसंच. लोकांच्या भाषणांतले श्वास आणि खाकरे कापण्यात तिचे दिवस जायचे. असलं काही ऐकू येणं ही विद्या असते, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. क्लिप पुढे चालू होती.

पडद्यावरच्या बाबांनी वहिनीचा हात धरला, तिच्या हातात कात्री ठेवली, दगडावर नेली. थोडा वेळ तिच्या हाताची चाल पाहिली. मग कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले, “सूनबाई, हात तुझा बसला. माझाच हात आहे हा. या घरात दुसऱ्या कुणाला नाही आला. पण कान…”

तिथे मी संपते.

*

 वहिनी म्हणाली, “म्हणून काढलीस होय.”

भिंगरी पडद्याकडेच बघत होती. हळूहळू तिने सांगितलं की तिला वाटलं, बाबांचं बोलून झालं. दुसऱ्या कुणाला नाही आला, म्हणजे घरात दुसरं होतं कोण? पुढचं तिला ऐकायचंच नव्हतं. बटणसुद्धा सुचलं नाही, हाताला बॅटरी लागली ती ओढली.

“आणि मी दोन वर्षं यंत्राला शिव्या घालतेय,” वहिनी म्हणाली. “माझ्या कात्र्या परत येतायत, शाळेतल्या मुली हसतायत, आणि तुला तेवढं एक वाक्य ऐकायचं नव्हतं.”

“तुला काय जातं बोलायला? तुला म्हणाले ते.”

“मला म्हणाले, पण ऐकलं कुणी? तू अंधारात टाकलंस ते. त्या लोण्याच्या क्लिपमध्ये मीही आहे, माहितीये? माझं कोपर आहे. डावं. चाळीस हजार लोकांनी माझं कोपर पाहिलंय आणि रस्त्यात सगळे विचारतात, धारवाल्यांची मुलगी बरी आहे ना.”

मी दचकले. सहावीवर जळणारी या घरात मी एकटी नव्हते.

भिंगरीला मधेच हसू फुटलं, त्या कोपरावर, आणि मग ते हसूच राहिलं नाही. वहिनीने फडक्याचं एक टोक तिला दिलं. त्याला गंज लागलेला होता, तो नाकाला लागला.

*

संगणक खाली नेला. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. भिंगरीने त्यांच्यापुढे मला लावलं आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून धरलं: ‘पण कान… पुढे काय?’

बाबांनी स्वतःला आवाजाविना पाहिलं, शेवटपर्यंत. “म्हातारा धार बरी लावतो,” ते म्हणाले. मग कागद वाचला. आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला, कपाळ चोळलं. “काय म्हणालो असेन? कान दुखतोय म्हणालो असेन. तेव्हा दुखायचाच.”

भिंगरीने कागद उलटा करून पुन्हा काही लिहायला घेतलं. अर्धं लिहिलं आणि चुरगाळून खिशात घातलं.

*

शुक्रवारी सकाळी वहिनी मऊ दगडाशी बसली. भिंगरी तिच्याकडे पाठ करून, एक रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर. मी टेबलावर उघडी होते, गरज पडली तर ऐकायला.

“नाही,” भिंगरी म्हणत होती. “नाही. अजून वाळू आहे. घाई करू नकोस.”

“पाय दुखतोय.”

“दुखू दे. नाही… आता.”

ओला कागद टोकापर्यंत गेला. दुसऱ्या कात्रीला दोघींचं भांडण झालं, भिंगरी म्हणे मी सांगितलं तेव्हा उचलली नाहीस, वहिनी म्हणे तू बोलेपर्यंत वेळ गेली, आणि ती कात्री बिघडली ती बिघडलीच. तिसरी जमली. बाबांनी तिन्हींवर अंगठा फिरवून तिन्हींना मान हलवली.

शनिवारी शाळेने दोन ठेवून घेतल्या, एक परत पाठवली आणि तिच्यासोबत धारेला आणखी बारा.

*

आता माझं बरं चाललं आहे. भिंगरीने मला तीन ठिकाणी उतरवून ठेवलं आहे. उतरवताना तिची कापायची खूण एकदा माझ्या शेवटच्या मिनिटावर, ‘दुसऱ्या कुणाला नाही आला’च्या बरोबर आधी, येऊन थांबली होती. एवढंसं कापलं असतं तर कुणाला कळलं असतं? तिने खूण काढून घेतली. मी पूर्ण आहे, म्हणजे जेवढी आहे तेवढी पूर्ण.

हेवा गेला का, विचाराल तर नाही गेला. सहावीला परवा आणखी दोन हजार लोकांनी पाहिलं. मला आजवर दोघींनीच पाहिलं आहे, बाबा धरले तर तिघांनी. फक्त त्या दोघी मला रोज सकाळी लावतात, काम सुरू करायच्या आधी, कान जुळवून घ्यायला. सहावीला रोज कुणी लावत नाही. हे मी तिला ऐकू जाईल असं म्हणते.

पण मित्रांनो, एक तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्याही हातात कॅमेरे आहेत, मोबाईल आहेत. मोडलेली यादी पुन्हा करता येते. पट्ट्या जातात, आवाज परत येतो, हरवलेला पत्ता सापडतो. जे टिपलंच गेलं नाही ते मात्र कुठल्याही प्रोग्रॅमला आणता येत नाही, आणि कुठल्या बहिणीकडून उसनंही मिळत नाही. काम झालं की बटण दाबा. लाल दिवा विझेपर्यंत हात मागे ठेवा. समोरचा काही सलणारं बोलत असेल तर जास्तच मागे ठेवा, कदाचित त्याचं बोलून झालेलं नसेल.

वहिनी जेवायला गेली की भिंगरी कधीकधी मला एकटीच लावते, शेवटच्या क्षणावर थांबवते. बाबांचं तोंड उघडं आहे. ती आवाज वाढवत वाढवत पूर्ण वर नेते आणि ऐकत बसते.

वाक्य पुरं व्हायला चार सेकंद लागले असते.